एका रोपाला मूठभर गोबर

मिरचीचं रोप मी नुसतं चिमटीत धरलं आणि ते अख्खं हातात आलं. ओढावं लागलं नाही. मुळं जवळजवळ नव्हतीच. सालीचा काळपट भाग उरला होता, आतून पोकळ.

माने बाई माझ्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी हे रोप आधीच पाहिलेलं होतं. मला दाखवण्यासाठी त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

"अकरा गेलीत. मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तुमची ती बाई उद्यापासून माझ्या बागेत नको."

मी मोजली. चोवीसपैकी अकरा माना टाकून उभी होती. बाईंचा आकडा बरोबर होता.

मी मालवणात राहते. घराभोवतीच्या बागा सांभाळायचं काम करते. त्याआधी अकरा वर्षं एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. तिथली मोजायची सवय गेली नाही, म्हणून कामाची पद्धतही तशीच ठेवली आहे. मोठ्या आंबा-काजूच्या बागा मी घेत नाही. परसातली भाजी, चार नारळ, कुंडीतली झाडं, एवढंच. सध्या एकोणीस घरं आहेत. माझ्याबरोबर एकच माणूस आहे, शेवंतीवहिनी. वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथीपर्यंत, पण पान उलटून त्यामागे काय लपलंय हे ती माझ्याआधी सांगते. दर पंधरा दिवसांनी ती घरोघर जाते. मी दोन महिन्यांनी एकदा जाते आणि तपासते.

आमचा नियम साधा आहे. आधी मोजायचं, मग ठरवायचं. दहा रोपं घ्यायची. प्रत्येकाचं एक पान वरचं, एक मधलं, एक खालचं. तीस पानांवरची कीड मोजून सरासरी काढायची. सरासरी आम्ही ठरवलेल्या हद्दीच्या खाली असेल तर काहीही करायचं नाही. लोकांना हे सगळ्यात अवघड वाटतं. एक किडा दिसला की त्यांना फवारायचं असतं. थोडी कीड राहिली तर तिला खाणारे ढालकिडेही राहतात, आणि ते फुकट काम करतात, हे सांगून माझं तोंड दुखतं.

शेवंतीवहिनी मोजते, मला फोनवर सांगते, मी नोंदवहीत लिहिते. तिला लिहायला वेळ लागतो आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून ही वाटणी. या वाटणीचा पुढे संबंध आहे.

माने बाई कऱ्हाडकडच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि वालावलला, देवळापासून थोड्या अंतरावर, घर बांधून राहिल्या. त्यांना इथे येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मिरचीचं बी त्यांच्या माहेरचं होतं. त्यांची आई ते दर वर्षी धरायची, मग बाई धरू लागल्या. यंदा सगळं बी त्यांनी इथे पेरलं होतं, मागे काही ठेवलं नव्हतं. राग मिरचीचा नव्हता, बियाण्याचा होता.

आणि त्यांच्या रागाला वजन होतं. माझ्या एकोणीस घरांपैकी सात त्यांच्या शब्दावर मिळालेली होती. आसपास बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांचा एक वाचनगट आहे, तो बाई चालवतात. त्या सातही घरी शेवंतीवहिनीच जाते. बाईंनी मला शांतपणे सांगितलं की त्यातल्या दोघींना त्यांनी कालच फोन करून कळवलंय, आणि बाकीच्यांना रविवारी गट जमेल तेव्हा सांगणार आहेत. त्या दिवशी गुरुवार होता.

"काय कळवलंत?" मी विचारलं.

"जे झालं ते. ती सांगेल तसं केलं आणि झाडं मेली."

"ती काय सांगते ते माझ्या वहीत आहे. मला आधी बघू दे."

"बघा," त्या म्हणाल्या. "पण वही झाडं जगवत नाही."

हे मला लागलं. मी खुरपं घेतलं.

कोमेजलेलं रोप बघताना दोन शक्यता आधी तपासायच्या. मर रोग असेल तर खोड चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते. मी दोन खोडं चिरली. रेघ नव्हती. मग कीड. रोपाभोवतीची माती वीतभर उकरली. पहिल्याच खुरप्यात पांढरट, तांदळाच्या कण्यांसारखे किडे धावत सुटले. वाळवी. बुंध्यावर बोटभर उंच मातीचा पातळ लेप चढला होता. वाळवीला उजेड चालत नाही, म्हणून ती असा मातीचा बोगदा करून त्याच्या आतून चढते. अकराही रोपांवर तो होता. अजून हिरव्या दिसणाऱ्या तेरांपैकी तीनवर सुरुवात झाली होती.

आता प्रश्न असा की वाळवी इथे आली कशामुळे. या वाफ्याची माती ऑक्टोबरात मी स्वतः तयार करून घेतली होती. चांगलं कुजलेलं खत, गाळून. वाळवी चांगल्या कुजलेल्या खताला फारशी भुलत नाही. तिला हवं असतं सुकलेलं, अर्धकच्चं. वाळकी लाकडं, काटक्या, सुकं शेण.

मी हाताने माती चाळली. बुंध्याशी सुकलेल्या शेणाच्या खापऱ्या होत्या. एका रोपाशी नाही, चोवीसच्या चोवीस रोपांशी. काही वरच, काही मातीत दाबलेल्या.

मी उठून परसाच्या कोपऱ्यात गेले. तिथे तीन तरुण नारळ आहेत आणि त्यांच्याजवळ शेणाचा ढीग होता, गुडघ्याएवढा. दोन महिन्यांपूर्वी तो नव्हता. फावड्याने बाजू उकलली तर आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या. गेंड्या भुंग्याच्या. हा भुंगा शेणात वाढतो आणि मोठा झाला की नारळाच्या शेंड्यात शिरतो. कोवळी झावळी तो आतच कुरतडतो, म्हणून ती उघडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखी दिसते. मी अळ्या मोजल्या. सदतीस. मान वर करून तिन्ही नारळांचे शेंडे पाहिले. अजून एकही झावळी कापलेली नव्हती.

मी बाईंकडे वळले. "हे शेण कोणी आणलं?"

"शेजारच्या गोठ्यातून येतं. दर आठवड्याला एक टोपली."

"आणि मिरचीला कोणी घातलं?"

"मी घातलं. तुमच्या शेवंतीबाईंनी सांगितलं तसं."

माझं तिथेच चुकलं. मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण ताजं शेण मिरचीच्या बुंध्याला घालायला सांगितलं हे ऐकून मला शेवंतीवहिनीचाच राग आला. आठ वर्षं माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईने असं सांगावं? नवखा माणूसही सांगणार नाही. मी बाईंना म्हणाले की मी तिला विचारते आणि उद्या येते. वाफ्याला भरपूर पाणी द्यायला सांगितलं, कारण वाळवी कोरड्या मातीत जोरात असते. आणि निघाले.

शेवंतीवहिनीचं घर वालावलच्या अलीकडच्या वाडीत आहे. स्कूटर रस्त्यावर लावून मी खाली उतरले. ती मागीलदारी कुळीथ पाखडत होती. मला अवेळी आलेली बघून तिने सूप खाली ठेवलं.

मी बसलेही नाही. माने बाईंकडची अकरा रोपं गेली, त्यांना ताजं शेण घातलं होतं आणि ते तू सांगितलंस असं त्या म्हणतात, असं एका दमात सांगितलं.

तिने हातावरचं फोलपट झटकलं. मग म्हणाली, "ताईनू, मी थंय शेणाक हात लावूक नाय. आणि शेण घाला म्हणान कधी सांगूक नाय."

"मग त्या खोटं बोलतायत?"

"ता मी कसा सांगू? पण बुंध्यात शेण घातलेलां मी बघलंय. दोन येळा."

हे ऐकून माझा राग वाढला. बघितलंस तर बोलली का नाहीस, असं मी विचारलं. त्यावर तिने जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"माका वाटलां घाटार अशीच रीत आसतली. ती हेडबाई, मी चवथी शिकलेली. तिच्या घरातल्या मिरचेक तिणा काय घालूचा ता मी कित्याक सांगू? आमचा काम गोबर मारूचा. ता मी सांगलंय, ती मारी होती."

तिने 'गोबर' म्हटलं आणि मी ते ऐकलंच नाही. म्हणजे कानावर पडलं, पण मला त्यात वेगळं काही जाणवलं नाही. मी याच भाषेत वाढले आहे. आमच्याकडे चुलीतल्या राखेला गोबर म्हणतात. माझ्या डोक्यात तो शब्द आपोआप 'राख' होतो आणि पुढे जातो.

मी तिला रविवारच्या बैठकीचं सांगितलं. सात घरांचं सांगितलं. आणि मग, हे लिहायला बरं वाटत नाही पण खरं आहे, मी तिला म्हणाले की पुढचे काही दिवस तू त्या बाजूला जाऊ नकोस, मी स्वतः जाईन. मी तिची बाजू घेत होते असं मला तेव्हा वाटत होतं. तिला तसं वाटलं नाही.

तिने सूप परत मांडीवर घेतलं. पाखडलं मात्र नाही.

"माका काडूचा आसात तर काडा," ती म्हणाली. "काम आज हंय, उद्या थंय. पण झाडां माझ्या हातान मेली, असा तुमच्या वहीत लिवू नकात."

मी काही कबूल केलं नाही. तपासल्याशिवाय वहीत काहीच लिहीत नाही, एवढंच म्हणाले. ते खरं होतं, पण त्या वेळी कोरडं वाटलं असणार.

घरी येऊन मी वही काढली. माने बाईंचं पान. डिसेंबरच्या मध्याला मिरचीवर मावा सापडला होता. मावा म्हणजे पानाच्या मागे दाटीने बसणारे हिरवट-काळे बारीक किडे. ते रस पितात, पान वाटीसारखं वळतं. सरासरी पानामागे नऊ. आमच्या हद्दीच्या थोडी वर. औषधाची गरज नव्हती. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: उपाय, राख. सकाळी दंव असताना पानांवर, रोपाला मूठभर, आठवड्यातून दोनदा. मालकीणबाई स्वतः करतील.

हा जुना उपाय आहे आणि चालतो. गाळलेली, थंड, कोरडी लाकडाची राख ओल्या पानावर चिकटते आणि मावा सुकतो. आमची जांभ्याची माती आंबट असते, तिला थोडी राख बाधत नाही.

त्याखाली पुढच्या तीन भेटी. मावा अकरा. मावा दहा. मावा चौदा.

मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. सहा आठवडे आठवड्यातून दोनदा राख मारली तर मावा उतरायला हवा. तो चढला होता. आणि मी त्या चौदाच्या पुढे काय लिहिलं होतं? 'ढगाळ हवा.' ढगाळ हवेत मावा वाढतो हे खरं आहे. पण मी हवा पाहिली नव्हती. आकडा पटेना म्हणून कारण शोधून चिकटवलं होतं. प्रयोगशाळेत असताना दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

राख मारलीच गेली नसावी, एवढं त्या आकड्यांवरून दिसत होतं. पण शेवंतीवहिनी म्हणते ती मारत होती. बाई म्हणतात सांगितलं तसं केलं. दोघींपैकी कोणी खोटं बोलत असेल असं मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन वालावलला गेले. जाताना शेवंतीवहिनीला घरून स्कूटरवर घेतलं. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तुझ्यामागे तुझ्याबद्दल बोलायचं नाही, म्हणून चल. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. मी विचारलं नाही.

माने बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि तिघींसाठी चहा केला. मुख्याध्यापिकेची शिस्त होती ती. चौकशी पूर्ण होईपर्यंत वागणूक सारखी.

मी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला. तोच, जो काल विचारायला हवा होता.

"बाई, राख कुठून आणत होता? तुमच्याकडे तर गॅस आहे."

"राख?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "कसली राख?"

"मिरचीवर मारायची."

"मला राख मारायला कोणी सांगितलं नाही."

शेवंतीवहिनी एकदम सरसावून बसली. "ह्या काय बोलतास, बाईनू? ह्याच ओट्यार बसान मी तुमका सांगलंय. आठवड्यात दोन येळा."

"सांगितलंत ना. मी कुठे नाही म्हणते?" बाई उठल्या, आतून एक डायरी घेऊन आल्या. त्यांनाही लिहायची सवय आहे हे मला तेव्हा कळलं. पान काढून त्यांनी स्पष्ट आवाजात वाचलं, वर्गात वाचावं तसं. "शेवंतीबाई आल्या. मिरचीवर मावा. उपाय: गोबर, प्रत्येक रोपाला मूठभर, सकाळी दंव असताना, मंगळवार व शुक्रवार."

मी माझी वही पाहिली. मंगळवार, शुक्रवार. मूठभर. दंव. सगळं जुळत होतं. फक्त एक शब्द वेगळा होता.

"गोबर," मी म्हणाले.

"गोबर," बाई म्हणाल्या. "गोबर म्हणजे शेण. गोबर गॅस नाही का?"

शेवंतीवहिनीने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिने कापडी पिशवी पुढे ओढली, आतून एक डबा काढला आणि झाकण उघडून बाईंसमोर धरला. आत गाळलेली, मऊ, करडी राख होती. तिला घरून निघताना वाटलं होतं की बाईंना राख कमी पडली असेल, म्हणून तिने स्वतःच्या चुलीतली आणली होती.

"ह्यो गोबर," ती म्हणाली. "चुलीतलो. शेणाक आमी शेणच म्हणतंव."

बाईंनी डब्यात दोन बोटं घातली. राख चोळून पाहिली.

"पानांवर शेण मारायचं हे मला पहिल्या दिवशीच पटलं नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. "एकदा पाण्यात कालवून शिंपडून पाहिलं. पानं डागाळली. मग मला वाटलं, पानांवर म्हणजे बुंध्याशी असं म्हणायचं असेल. म्हणून बुंध्याशी घालू लागले."

"मगे तुमी माका इचारूक कित्याक नाय?"

"मला वाटलं, तुमच्याकडे अशीच पद्धत असेल. दीड वर्ष झालं इथे येऊन. प्रत्येक गोष्टीत, आमच्याकडे असं नसतं, म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं."

शेवंतीवहिनी हसायची थांबेना. तोंडावर पदर धरून ती हसत होती आणि मधूनच मला म्हणत होती, "मी तिची रीत म्हणान गप, ती माझी रीत म्हणान गप." बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

मी हिशेब केला, राहवलं नाही म्हणून. चोवीस रोपं, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. बारा वेळा चोवीस मुठी, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या पानांवर शिंपडलेल्या सोडल्या तरी अडीचशेच्या वर मुठी कच्चं शेण त्या छोट्या वाफ्यात गेलं होतं. इतकं अन्न एके जागी वाळवीला कोण देतं?

मग कामाला लागलो. आधी बुंध्याशी असलेलं सगळं शेण हाताने वेचून बाहेर काढलं. तिघी होतो, दीड तास लागला. मेलेली अकरा रोपं मुळासकट काढून जाळायला ठेवली. वाफ्याची माती उकरून तिच्यात कडुनिंबाची पेंड मिसळली. ही पेंड म्हणजे बियांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. वाळवीला ती आवडत नाही आणि झाडाला खत होते. वाफा भिजता ठेवायला सांगितलं. कुंपणापलीकडे वाळवीचं वारूळ आहे का ते शोधलं. होतं, जुन्या फणसाच्या खुंटाखाली. त्या खुंटाला आम्ही हात लावला नाही. कुजकं लाकूड खाणं हे वाळवीचंच काम आहे. तिला तिकडे काम राहिलं की ती इकडे येत नाही.

शेणाचा ढीग पसरून उन्हात घातला. सदतीस अळ्या मी काल मोजल्या होत्या. त्या दिवशी आणखी चौदा निघाल्या, म्हणजे एकूण एक्कावन्न. शेजारच्या कोंबड्यांची चैन झाली. वाळलेलं शेण खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर पुरलं आणि वर झाकण टाकलं. कुजून खत व्हायला चार-पाच महिने. घाई केली की हेच पुन्हा.

शेवटी राख. शेवंतीवहिनीने बाईंना बरोबर घेऊन पहिल्या रोपावर मारून दाखवली. मूठ किती, बोटांच्या फटीतून कशी सोडायची, पानाच्या मागे कशी पोचवायची. उन्हं वर आली होती, दंव सुकलं होतं, म्हणून पानावर थोडं पाणी शिंपडलं. बाईंनी दुसऱ्या रोपावर मारली. शेवंतीवहिनीने नकाराची मान हलवली. तिसऱ्यावर मारली. "आता जमला," ती म्हणाली. "हेडबाईंक माझ्याकडसून शिकूची येळ इली."

"तुम्ही शिकवता बऱ्या," बाई म्हणाल्या. "फक्त फळ्यावर लिहीत चला."

मी निघायच्या वेळी बाईंनी मला फाटकापाशी थांबवलं. रविवारच्या बैठकीला मी यायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. मला कळेना की याचा अर्थ काय घ्यायचा. रविवारी मी घरी होते, पण माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी एका घरून फोन आला. मी लगेच उचलला. पलीकडून विचारणा अशी होती की आमच्याकडे गॅस आहे तर राख कुठून मिळेल, शेवंतीबाई घेऊन येतील का?

बैठकीत काय झालं ते मला दुसऱ्या एकीकडून कळलं. बाईंनी पुस्तकाचं वाचन सुरू होण्याआधी उभं राहून सगळं सांगितलं होतं. डायरी वाचून दाखवली होती. ज्या दोघींना आधी फोन केला होता, त्यांची नावं घेऊन त्यांना म्हणाल्या, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, झाडं शेवंतीबाईंनी मारली नाहीत, ती माझ्या कानाने मारली. सातही घरं आजपर्यंत आमच्याकडे आहेत. शेवंतीवहिनीच जाते.

रोपांचा आकडा असा. तेरा उरली होती. ज्या तीनवर वाळवी चढायला लागली होती त्यातली दोन पुढच्या आठवड्यात गेली. अकरा जगली. मावा पंधरा दिवसांनी पानामागे सहा, त्यानंतर दोन. दोनाला आम्ही काही करत नाही. पानांवर ढालकिडे दिसू लागले होते. मार्चअखेर त्या अकरा रोपांवरच्या चांगल्या, लाल मिरच्या बाईंनी बियाण्यासाठी सुकवल्या. या वेळी त्यांनी बियांचे दोन भाग केले. एक स्वतःकडे ठेवला, एक कागदाच्या पुडीत घालून शेवंतीवहिनीला दिला. हे कऱ्हाडचं बी आता वालावलच्या अलीकडच्या वाडीतही उगवतं.

चूक कोणाची, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. सांगणारीने आपल्या भाषेत बरोबर सांगितलं. ऐकणारीने आपल्या भाषेत बरोबर ऐकलं. मधे एकच माणूस होतं ज्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि ज्याच्या हातात वही होती. शेवंतीवहिनीने फोनवर 'गोबर' सांगितलं, मी कागदावर 'राख' लिहिलं आणि काम पूर्ण झालं असं धरून चालले. माझी वही व्यवस्थित होती. त्यामुळेच ती कोणाच्या उपयोगी पडली नाही. वर मावा चढत होता हे तीन आकडे सांगत होते, त्याचा दोष मी ढगांना दिला. त्या पानावर मी 'ढगाळ हवा' खोडलं आणि बाजूला 'न तपासता लिहिलं' असं लिहून तारीख घातली. शेवंतीवहिनीच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही.

आता आमच्या कामात दोन बदल आहेत. शेवंतीवहिनीच्या पिशवीत छोट्या डब्या असतात. एकीत राख, एकीत निंबोळीची पेंड, एकीत कुजलेलं खत. काय घालायचं ते ती बोलते आणि डबी उघडून हातावर देते. आणि माझ्या वहीत एक नवा रकाना आहे: 'वस्तू दाखवली का?' पुढे होय किंवा नाही. रिकामा ठेवायचा नाही.

गेल्या महिन्यात माने बाईंनी मला खताबद्दल विचारलं. खड्ड्यातलं शेण कुजलं का, वांग्यांना घालू का? मी फोनवर म्हणाले, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं झालं असेल तर घाला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शेवंतीबाई उद्या येणार आहेत. त्यांच्या डबीतलं बघते आणि मग घालते."

मी वहीतल्या त्या नव्या रकान्यात 'नाही' लिहिलं.